कंपनीने जगाला विचारलेला प्रश्न आणि आमचे एकोणीस महिने

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमची छोटी शेड आहे. सिलिकॉन रबरचे गॅस्केट आणि हवेने फुगणारे सील बनवतो. कामाला अकरा माणसं, बारावी मी. बाबा आता दांडिया बाजारच्या घरातूनच फोनवर हिशेब विचारतात. औषध कंपन्यांच्या ड्रायरला लागणारे फुगणारे गॅस्केट हे आमचं रोजचं काम. ‘ओपन इनोव्हेशन’, म्हणजे कंपनीने आपली अडचण बाहेरच्या लोकांसमोर मांडून उपाय मागायचा, हा शब्द मी फक्त सेमिनारच्या बॅनरवर वाचला होता, तेही जेवणाच्या रांगेत उभी असताना.

१२ जुलै २०२३ ला उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीने (नाव लिहीत नाही, करारात तसं आहे आणि लिहिण्यात फायदाही नाही) आपली एक अडचण सगळ्यांसमोर मांडली होती. सरबताची पावडर भरायच्या मशीनवरच्या हॉपरमध्ये पावडर अडकते, उत्पादन थांबतं, उपाय सुचवा. पारितोषिक पाच लाख, शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. पीडीएफ चौदा पानांची, त्यातली नऊ पानं कणांच्या आकाराच्या आलेखांची.

हॉपर म्हणजे पिठाच्या गिरणीत वर असतो तसा शंकू, फक्त स्टीलचा आणि गुळगुळीत. पावडरीने ओल धरली की तोंडाजवळ तिची कमान तयार होते, वर पावडर भरलेली आणि खाली मशीन रिकामं. मग माणूस हातोड्याने शंकूला ठोकतो. ठोकून ठोकून पत्र्याला पोचे पडतात, त्या पोच्यांत पावडर आणखी अडकते, म्हणून आणखी ठोकावं लागतं. धंद्यात याला ‘हॅमर रॅश’ म्हणतात.

मला पावडरीतलं काही कळत नाही. पण शंकूच्या आतून दोन पातळ सिलिकॉनच्या गाद्या बसवल्या आणि त्यांत थोडी हवा भरून सोडली, तर भिंतच हलेल आणि कमान टिकणार नाही, असं वाटलं. हे आम्हाला येतं, कारण फुगणारा सील म्हणजे दुसरं काय असतं?

पुढचे चार दिवस ‘आपण कोण लागून गेलो’ यातच गेले. रात्री जागून वाचत बसले. एली लिली या औषध कंपनीने २००१ मध्ये इनोसेंटिव्ह नावाची कंपनी उभी केली. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत अडलेले प्रश्न तिथे बाहेरच्या लोकांसमोर ठेवायचे आणि सोडवणाऱ्याला बक्षीस द्यायचं. तिथल्या १६६ प्रश्नांचा कुणी अभ्यास केला, तेव्हा साधारण तीस टक्के सुटलेले निघाले. आणि ज्याचं क्षेत्र प्रश्नापासून लांबचं, त्याला उत्तर सापडण्याची शक्यता जास्त दिसली. अलास्कात १९८९ ला एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, त्या भागातल्या तेलगळतीवर काम करणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये असाच प्रश्न टाकला होता. गोळा केलेलं तेल थंडीत पाण्यासकट घट्ट होतं, पंपाने ओढता येत नाही. उत्तर दिलं इलिनॉयच्या एका माणसाने, ज्याला काँक्रीटचं काम ठाऊक होतं. ओतलेलं काँक्रीट वाहतं राहावं म्हणून त्यात व्हायब्रेटर घालतात, तसंच तेलात करा. त्याला वीस हजार डॉलर मिळाले. स्लॅब घालताना तो व्हायब्रेटर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. हे वाचल्यावर मला झोप लागली.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “यात नवं काय आहे? अलेंबिक १९०७ साली कुणी काढली? गज्जर आणि कोटीभास्कर, दोघं प्रोफेसर, आणि तिसरे अमीन.” बाबा कलाभवनचे. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या त्या शाळेबद्दल बोलायला लागले की चहा दोनदा होतो. पण शेवटी त्यांनी कामाचा प्रश्न विचारला. “तू त्यांना सगळं सांगितलंस आणि त्यांनी ते स्वतःच करून घेतलं तर?”

पीडीएफच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात याचं उत्तर होतं : पाठवलेली माहिती गोपनीय मानली जाणार नाही. अशा बहुतेक चॅलेंजमध्ये हे वाक्य असतं आणि ते कुणी वाचत नाही. अर्थ इतकाच, की जे पाठवाल ते चौकात सांगितल्यासारखं धरा. आणि एकदा गोष्ट उघड झाली की पेटंटसाठी ती नवी राहत नाही. म्हणून आधी तात्पुरता पेटंट अर्ज केला, इंग्रजीत ज्याला प्रोव्हिजनल म्हणतात तो. त्यात दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते, लिहावे लागत नाहीत, कल्पना नीट वर्णन करून आकृत्या जोडायच्या. त्या दिवसापासून बारा महिन्यांत पूर्ण तपशील भरायचा, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. गुजरातचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, पण ऑनलाइन भरता येतात. डिजिटल सही लागते. सरकारी फी लहान उद्योगाला १,६०० रुपये, मोठ्या कंपन्यांना ८,०००. ही सवलत हवी असेल तर फॉर्म २८ बरोबर उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. आमची उद्यम नोंदणी होती, पण तिच्यावर पत्ता जुन्या शेडचा. तो बदलून घेण्यात आठवडा गेला, तेव्हा तुम्ही आजच उघडून बघा. अर्ज करून देणाऱ्या पेटंट एजंट ताईंनी बारा हजार घेतले. २१ ऑगस्टला अर्ज क्रमांक आला आणि मी त्याची प्रिंट काढून देवघरात ठेवली. ताई हसल्या. म्हणाल्या, “हे पेटंट नव्हे हो, फक्त रांगेतलं टोकन आहे.”

३० ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, प्रस्ताव पाठवला. त्यात गादी काय करते ते लिहिलं, कशी करते ते नाही. पोळीचा फोटो द्यायचा, कणीक कशी भिजवली ते सांगायचं नाही. आणि हो, पोर्टलवर दहा एमबीची मर्यादा होती ती रात्री साडेअकराला कळली.

मग शांतता. गणपती आले, गेले. रोज पोर्टल उघडायची, रोज तेच ‘परीक्षण चालू’. मी फोन करायचे नाही असं ठरवलं होतं आणि दोनदा केला. अठ्ठेचाळीस दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात मेल आला : पहिल्या पाचात निवड, पुढच्या चर्चेसाठी सोबतच्या गोपनीयता करारावर तीन दिवसांत सही करून पाठवा.

करार अकरा पानांचा. तीन दिवसांत सही करू नका. कुणीही, कुठेही. मी दोन आठवडे मागितले तर मिळाले, म्हणजे ती घाई नुसती लिहायची पद्धत होती. आमच्या वकिलांनी दोन जागी लाल खुणा केल्या. पहिली अशी, की चर्चेतून जे काही नवं निघेल ते सगळं कंपनीचं. ते बदलून घेतलं : आधीपासून ज्याचं जे आहे ते त्याचंच राहील, नवं जे निघेल त्याची मालकी ते कुणी शोधलं यावरून. दुसरी खूण मजेशीर होती. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या ‘आठवणीत राहिलेली’ माहिती त्यांना कुठेही वापरायला मोकळीक. वकील म्हणाले, “मोठ्या कंपनीत आठवणशक्ती फार चांगली असते.” आकृत्या आणि मापं त्यातून वगळायला लावली. तीनदा कागद इकडून तिकडे झाले, मध्ये दिवाळी आली, सही झाली २० नोव्हेंबरला. ई-स्टॅम्प तीनशेचा, वकिलांचे नऊ हजार. नऊ हजार देताना जीव वर-खाली झाला. आता वाटतं, या सगळ्यात सर्वांत योग्य खर्च तोच.

५ डिसेंबरला प्लांट पहिल्यांदा पाहिला. टोपी, कोट, बुटांवर पिशव्या. शंकूच्या पोटाशी एक लाकडी हातोडा सुतळीने बांधलेला होता, आणि कंट्रोल पॅनलच्या बाजूला खडूच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. कशाच्या ते विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

तिथून आल्यावर साचा बनवला, अडतीस हजार. खाद्यपदार्थाला चालेल असं सिलिकॉन, तीन मिलिमीटर जाडी, हॉपरला नवं भोक पाडायचं नाही अशी अट. म्हणून आत पाहायच्या काचेच्या जागी क्लॅम्पने बसेल अशी जोडणी केली. १९ जानेवारी २०२४ ला गाद्या पोचवल्या, त्याच आठवड्यात चाचणी. पाच दिवस हॉपर एकदाही अडकला नाही. संशोधन विभागाच्या मॅडम खूश, फोटो निघाले, मीही खूश. तेवढ्यात मागे उभे असलेले रात्रपाळीचे ऑपरेटर काका सगळ्यांसमोर म्हणाले, “बेन, चोमासामां आवजो. हमणां तो ए डाह्यो छे.” पावसाळ्यात या. आत्ता तो शहाण्यासारखा वागतोय.

त्यांनी गाद्यांची हवा बंद करून दाखवली. हॉपर तरीही मजेत चालत होता. जानेवारीच्या कोरड्या हवेत तो कधीच अडकत नाही, हे मजल्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चौदा पानी पीडीएफमध्ये ऋतूचा उल्लेख नव्हता. खरं सांगायचं तर काका बोलले नसते तर मीही गप्प बसले असते. पाच लाख समोर दिसत होते. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते काकांवरच खूश झाले.

तर खरी चाचणी जुलैपर्यंत लांबली. एकीकडे पेटंटचे बारा महिने २१ ऑगस्टला संपणार आणि दुसरीकडे पाऊस जूनअखेरीशिवाय धड येणार नाही. मधल्या काळात गाद्यांचं बिल अडकलं, एक लाख दहा हजारांचं. लेखी करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात असं २००६ चा कायदा म्हणतो. पंचेचाळीसावा दिवस ४ मार्चला होऊन गेला. पर्चेसवाले भाई फोनवर फार गोड बोलायचे. इथे एक गोष्ट उपयोगी पडली : आयकराच्या ४३बी(एच) या तेव्हा नव्या असलेल्या कलमामुळे, लहान उद्योगाचं मुदत उलटलेलं देणं ३१ मार्चपर्यंत चुकतं केलं नाही तर कंपनीला त्या वर्षी ते खर्चात धरता येत नव्हतं. मी भांडले नाही. फक्त उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि कलमाचा उल्लेख असलेला दोन ओळींचा मेल त्यांच्या अकाउंट्स विभागाला पाठवला, पर्चेसला नव्हे. २८ मार्चला पैसे जमा.

१२ जुलै २०२४, पीडीएफ आल्याला बरोबर वर्ष. बाहेर धो-धो पाऊस, आणि मी आठ रात्री त्या प्लांटमध्ये.

हॉपर वेड्यासारखा वागत होता. काका शंकूवर बोटाच्या पेराने टकटक करत फिरायचे. रिकाम्या जागी ‘टण्’, भरलेल्या जागी ‘भद्’. आवाज बदलला की तिथे हातोड्याचा एकच घाव, आणि पावडर खाली. प्रत्येक घावाला पॅनलवर एक रेघ. म्हणजे त्या रेघा या होत्या, आणि गेली कित्येक वर्षं त्या पाळी संपली की ओल्या फडक्याने पुसल्या जात होत्या. पहिल्या रात्री गाद्या बंद ठेवून मोजलं : चौसष्ट रेघा. दुसऱ्या रात्री दोन्ही गाद्या एकदम फुगवल्या : एकाहत्तर. वाढल्या! दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कमान आणखी घट्ट होत होती. मला रडायला आलं, कपड्यांवर तो कोट असल्यामुळे डोळेही धड पुसता येईनात.

तिसऱ्या रात्री गाद्या आळीपाळीने फुगवल्या, एक वर तर दुसरी खाली, दाबही कमी केला. बावीस. बरं वाटलं, पण बावीस म्हणजे शून्य नव्हे. पहाटे तीनच्या चहाला काका म्हणाले, इथे हात लावा. शंकूची एक बाजू माठासारखी गार होती, दुसरी नेहमीसारखी. वर पाहिलं तर एसीच्या डक्टची जाळी थेट त्या बाजूवर हवा टाकत होती. पिंप बदलताना झाकण उघडलं की पावसाळी दमट हवा आत शिरायची आणि त्या गार पत्र्यावर आतून दव धरायचं. पावडर तिथेच चिकटायची, कायम त्याच बाजूला. काकांना हे किती दिवसांपासून माहीत होतं?

“आठ-दस वरस.”

मग सांगितलं का नाही?

“कोई पूछे तो कहुं ने, बेन.” कुणी विचारलं तर सांगीन ना.

कंपनीने देशभरात पीडीएफ फिरवली, पारितोषिक ठेवलं, पोर्टल बनवलं. हॉपरपासून चार फुटांवर बसणाऱ्या माणसाला विचारायचं राहून गेलं. मी तरी कुठे विचारलं होतं? डिसेंबरात रेघा पाहून पुढे गेलेच होते.

चौथ्या रात्री गाद्या बंद ठेवल्या आणि जाळीचं तोंड पुठ्ठ्याने वळवलं : एकतीस. म्हणजे निम्मं काम एका पुठ्ठ्याने झालं. नंतर दोन्ही मिळून चार रात्री : पाच, तीन, तीन, चार.

पूर्ण तपशील १९ ऑगस्टला भरला, मुदतीच्या दोन दिवस आधी. योगायोगाने परत नारळी पौर्णिमाच. आळीपाळीने फुगवायची पद्धत दाव्यात घातली, कारण नवं तेच होतं. वर्षापूर्वीच्या अर्जात मी हुशारीने ‘एकत्र किंवा क्रमाने’ असं लिहिलं होतं असं मला वाटायचं, पण ते शब्द ताईंचे निघाले. जाळीची गोष्ट आमची नव्हती, ती दाव्यात घातली नाही. ताईंचे आणखी अठ्ठावीस हजार, परीक्षणाच्या विनंतीचे सरकारी चार हजार. पेटंट मिळालेलं नाही, ते पुढे यथावकाश.

आठवड्याने विश्वामित्रीला पूर आला. शेडमध्ये पाणी शिरलं नाही, पण आमची पाच माणसं घरात अडकली आणि शहरच ठप्प झालं. मोठ्या कंपनीशी बोलणी पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबरअखेर उजाडली.

निकाल ऑक्टोबरात. आमचा उपाय ‘अंशतः’ ठरला. कारण असं की सुधारणेचा निम्मा भाग डक्टमुळे, आणि डक्ट कंपनीचं. पाच लाख पूर्ण उपायालाच, तसं नियमांत लिहिलेलं होतं. मी दोन दिवस चिडून होते. म्हणजे काकांनी खरं सांगितल्यामुळे आमचं बक्षीस गेलं. पण डक्टची गोष्ट दडवून चौसष्टच्या जागी चार दाखवले असते, तर पुढच्या पावसात कुणीतरी ती जाळी वळवलीच असती आणि तोंड दाखवायला जागा राहिली नसती. बक्षिसाऐवजी सहा हॉपरच्या गाद्यांची ऑर्डर मिळाली, जोडी बेचाळीस हजारांना. त्यांना आमच्या गाद्यांवर एकट्याचा हक्क हवा होता. तो आम्ही फक्त सरबताच्या पावडरीपुरता आणि दोन वर्षांपुरता दिला. औषधवाल्यांना विकायला मोकळे राहिलो, कारण आमचं गिऱ्हाईक तिकडे आहे. या एका वाक्यावर सात आठवडे गेले. ऑर्डर मालाची घ्या, सेवेची नको, हेही सांगून ठेवते. त्यांनी आधी ‘तांत्रिक सेवा’ म्हणून काढली होती, तशीच राहिली असती तर टीडीएस कापून गेला असता.

शेवटचं पेमेंट ११ फेब्रुवारी २०२५ ला आलं. एकूण आले तीन लाख बासष्ट हजार. ऑर्डरचा माल सोडून खर्च झाला एक लाख एकोणचाळीस हजार. माझ्या रात्रींचा हिशेब बाबांनी लावला नाही, मीही काढला नाही.

चाचणीचा अहवाल लिहिताना मी काकांचं नाव घालायला सांगितलं होतं. कंपनीने ‘ऑपरेटरच्या निरीक्षणानुसार’ असं छापलं. नाव का नाही, तर अहवालात कामगारांची नावं घालायची पद्धत नाही. मग मी त्यांना वेगळं पत्र लिहिलं, प्लांट हेडना प्रत. त्याचं काही झालं की नाही, ते विचारायला गेल्या महिन्यात गेले होते.

काका रजेवर होते. डक्टच्या जाळीवरचा पुठ्ठा जाऊन तिथे स्टीलचं तोंड आलं होतं. पॅनलवर तीन रेघा. आणि हातोडा तसाच, सुतळीने बांधलेला. मी म्हटलं, आता तो काढून का टाकत नाही? पाळीवरचा मुलगा म्हणाला, काढायचा तर चेंज कंट्रोलचा फॉर्म भरावा लागतो, मॅडम, आणि त्याच्यावर सात सह्या लागतात.